बाभुळगाव, हिवरी, खैरी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका गावच्या गायरानात जेसीबी लागला होता. काम तसं चांगलंच होतं. वेडी बाभूळ मुळासकट काढायची, जमीन मोकळी करायची आणि पावसाळ्यात चारा लावायचा. मी सहज बघायला म्हणून गेलो. दुपारपर्यंत एका कडेला उपटलेल्या झाडांचा हा मोठा ढीग लागला होता. त्या ढिगाजवळ गावातला एक म्हातारा गायकी उभा होता. (गुरं राखणाऱ्याला आमच्याकडे गायकी म्हणतात.) एका खोडावर हात फिरवत तो म्हणाला, "भाऊ, हे वेडी नोहे. हिवर होय हा."

मशीनवरचा पोरगा वरूनच बोलला, "काटे हायेत नं बुढा? मंग बाभूळच ते."

कंत्राटदाराच्या माणसाकडे कागद होता. त्यावर 'काटेरी झुडपे काढणे' एवढंच लिहिलेलं. म्हणजे कागदाप्रमाणे काम बरोबरच होतं. मी ढिगातले हिवर मोजले. अकरा निघाले. त्यातल्या दोघांचं खोड माझ्या कवेत मावलं नसतं. आणि खरं सांगायचं तर त्या म्हाताऱ्यानं दाखवेपर्यंत मलाही ते ओळखू आले नव्हते. जन्म याच जिल्ह्यात गेला, आणि आपल्या गायरानातलं झाड आपल्याला नावानं ओळखता येत नाही याची त्या दिवशी लाज वाटली.

घरी येताना एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा काढून बघा. एका तालुक्याचं गाव आहे बाभुळगाव. यवतमाळ तालुक्यात हिवरी आहे. महागाव तालुक्यात पूस आणि पैनगंगा जिथं मिळतात तिथं हिवरा संगम आहे. राळेगाव तालुक्यात खैरी आहे, आणि खैरगाव नावाची गावं तर एकाहून जास्त आहेत. एखाद्या गावाला हे नाव एका मोठ्या झाडावरून पडलं असेल, एखाद्याला अख्ख्या बनावरून. पण ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना बाभूळ, हिवर आणि खैर ही तीन वेगळी झाडं दिसत होती एवढं नक्की. त्यांना वनस्पतिशास्त्र शिकवायला कुणी आलं नव्हतं. आपण त्याच गावांत राहतो, ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर तीच नावं वापरतो, आणि तिन्ही झाडांना एकच नाव देतो : काटेरी झुडपे.

ही तिन्ही एकाच कुळातली. पुस्तकात त्यांना कालपरवापर्यंत 'अकेशिया' म्हणत. ओळखायला अवघड अजिबात नाहीत. फक्त काटा बघून थांबायचं नाही, फूलही बघायचं.

आधी बाभूळ. काळ्या जमिनीतलं, नदी-नाल्याच्या काठचं, बांधावरचं झाड. साल काळपट आणि उभी फाटलेली, म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या टाचेसारखी. काटे सरळ, पांढरट, जोडीजोडीनं. फूल म्हणजे हळदीच्या रंगाचा गोल गोंडा. शेंग तर एकदा पाहिली की विसरणं शक्य नाही. राखाडी, मऊ लव असलेली, आणि दोन बियांच्या मध्ये आवळलेली, जणू मण्यांची माळ. बाकी काही आठवलं नाही तरी शेंग आठवा.

मग हिवर. माळावरचं, उघड्या मुरमाड जमिनीवरचं झाड. काटे याचेही सरळ आणि जोडीनं, त्यामुळं इथंच माणूस फसतो. पण साल बघा. बाभळीची काळी, तर हिवराची पांढुरकी, पिवळसर झाक असलेली. याच्या शास्त्रीय नावातला 'ल्युकोफ्लिया' हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थच पांढऱ्या सालीचा. हिवराचे गोंडेही गोलच, पण फिकट, सायीच्या रंगाचे, आणि पावसाळ्यात फांद्यांच्या टोकांना त्यांचे मोठे घोस येतात. त्या दिवसांत माळावर लांबून बघितलं तर झाडावर कुणी ताक शिंपडलंय असं वाटतं. शेंग पट्टीसारखी, किंचित वाकलेली. मण्यांची माळ नाही.

तिसरा खैर. टेकडीच्या उतारावर, नाल्याच्या दगडगोट्यांत सापडणारा. याचा काटा लहान, पण वाकडा, मांजरीच्या नखासारखा. बाभळीचा काटा टोचतो, खैराचा पकडतो. सदरा फाटल्याशिवाय सोडत नाही. फूल गोंड्यासारखं नसतंच. फिकट पांढऱ्या रंगाचा लांब तुरा असतो. शेंग चपटी, पातळ, तपकिरी. बुंधा कापला की आतला गाभा लालभडक. तोच गाभा उकळून विड्यातला कात होतो.

आणि चौथी वेडी बाभूळ, जी या तिघांच्या घरात घुसून त्यांचं आडनाव लावून बसली आहे. काटे सरळ आणि जोडीनं, म्हणून लोक बाभूळ म्हणतात. पण फूल बघा. गोल गोंडा नाही, हिरवट पिवळा लांब तुरा. शेंग पिवळसर, गुळमट, मणी नसलेली. आणखी एक खूण पानात आहे. बाभळीच्या पानाला पिसासारख्या उपशाखांच्या बऱ्याच जोड्या असतात, वेडीच्या पानाला बहुधा एक किंवा दोन.

लक्षात ठेवायला सोपं करून सांगतो. काटा सरळ आणि फूल गोल, तर बाभूळ किंवा हिवर, मग साल बघून ठरवा. काटा वाकडा आणि फूल लांब, तर खैर. काटा सरळ आणि फूल लांब, तर वेडी. एवढं आलं तरी यवतमाळच्या शिवारात सहसा चुकायचं काम नाही. परसात, देवळाजवळ झुडुपासारखी वाढणारी, जाड काळ्या शेंगांची, वासाच्या पिवळ्या गोंड्यांची देवबाभूळ अधूनमधून दिसेल. ती मूळची अमेरिकेतली. आणि सुबाभळीला काटाच नसतो, ती या घरातली नाहीच.

मग हे ज्ञान गेलं कुठं? ते एका दिवसात गेलं नाही. त्याचा इतिहास आहे, आणि तो आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाला चिकटलेला आहे.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६४ मध्ये आपला भाग वेगळा जिल्हा झाला. पुढं त्याला वणी, म्हणजे इंग्रजांच्या स्पेलिंगात 'वून', असं नाव मिळालं आणि १९०५ साली यवतमाळ. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. जिथं बाभूळबनं आणि गवताचे रमणे होते तिथं पऱ्हाटी उभी राहिली. कापूस वाहायला बंड्या लागत. बंडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे बाभळीचे, नांगर-वखर-तिफणीचं लाकूड बाभळीचं, कातडं कमवायला साल बाभळीची, सरपण बाभळीचं. म्हणजे कापसानं बाभळीची जमीन घेतली आणि त्याच कापसाला बाभळीशिवाय चालेना.

त्यामुळं सरकारनं उरलेल्या बनांना कुंपण घातलं. वऱ्हाडातल्या सरकारी जंगलांचे अ, ब, क असे तीन वर्ग पाडले. पहिला इमारती लाकूड आणि सरपणासाठी, दुसरा गवताचे रमणे आणि बाभूळबनांचा, तिसरा चराईचा. आजही आपल्याकडं गायरानाला लोक 'ई-क्लास' म्हणतात. जमिनीला इंग्रजी अक्षरं लावायची ही सवय त्याच काळातली आहे.

इथं एक गोष्ट इंग्रजांच्या बाजूनं बोलावी लागेल. त्यांच्या जंगल खात्यानं झाडं विकायची होती म्हणून असेल, पण नीट ओळखली. एकट्या बाभळीचे तीन प्रकार त्यांनी नोंदले, आणि नावं आपल्याच लोकांकडून घेतली : तेलिया, कौरिया आणि रामकांटा. तेलिया म्हणजे चांगल्या लाकडाची नेहमीची बाभूळ. कौरिया म्हणजे जाड, भेगाळ सालीची, लाकडाला हलकी. रामकांटा म्हणजे आपली रामकाठी, जिच्या फांद्या पसरत नाहीत, खराट्यासारख्या सरळ आभाळाकडं जातात. रामकाठी आजही बांधावर कुठं कुठं दिसते. तिच्या सावलीनं पीक दबत नाही, म्हणून शेतकरी तिला राहू देत.

पश्चिम महाराष्ट्रात तेलियाला 'गोडी' आणि कौरियाला 'वेडी' म्हणत. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी या प्रकाराला लॅटिन नाव दिलं ते 'वेडियाना'. आपला 'वेडी' हा शब्द थेट लॅटिनमध्ये गेला! म्हणजे शंभर वर्षांपूर्वी वेडी बाभूळ ही आपलीच, इथलीच, फक्त लाकडाला कमी प्रतीची बाभूळ होती.

मग आजची वेडी कोण? ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. १८७० च्या दशकात इंग्रजांनी सिंधमध्ये आणि दक्षिणेत लावली, कारण ती दुष्काळात तगते आणि सरपण देते. शेळ्या-गुरं तिच्या गोड शेंगा खातात, बी पचत नाही, लेंडी-शेणातून जागोजाग पडतं. अशी चालत चालत ती पडीक जमिनी, तळ्यांचे काठ, रस्त्यांच्या कडा आणि बंद पडलेल्या शकुंतलेचे रूळ धरून बसली. नवीन झाड आलं, त्याला नाव हवं होतं. लोकांनी जुनंच नाव काढून तिला दिलं. जुन्या वेडीचं नाव गेलं, आणि नावाबरोबर ती ओळखणारेही गेले. भाषेत असं होतं. शब्द तोच राहतो, आतला माणूस बदलतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

वेडीला सरसकट शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. कितीतरी भूमिहीन घरांची चूल तिच्यावर पेटते. तिचा कोळसा करून पोट भरणारी माणसं आहेत. पण तिच्याखाली गवत टिकत नाही. हिवराची सावली विरळ असते, त्याच्याखाली गवत वाढतं, शेंगा आणि पाला शेळ्या-मेंढ्या खातात. गायरान म्हणजे गवत. म्हणून गायरानातून वेडी काढताना हिवर काढणं म्हणजे चोराबरोबर राखणदारालाही बाहेर काढणं.

गवतावरून आठवलं. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. माणूस आपल्याच जिल्ह्यातला, जन्म वणीचा. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. आपल्याकडं समुद्र नाही. इथं कायदा मोडायचा तो राखीव जंगलातलं गवत कापून. मिठासारखंच गवतही रोजच्या जगण्यातलं होतं, आणि त्याच्यावर सरकारनं पहारा बसवला होता. तो सत्याग्रह आपण पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचतो. पण ज्या रानातल्या गवतासाठी माणसं तुरुंगात गेली त्या रानात कोणती झाडं होती हे आपल्याला सांगता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर तरी आपण शहाणे व्हायला हवं होतं. १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरण सुरू झालं. हेतू चांगला होता : गावाजवळ सरपण आणि चारा तयार व्हावा, जंगलावरचा भार कमी व्हावा. पण लावलं काय? सुबाभूळ, निलगिरी, आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ. ही ऑस्ट्रेलियन तुम्ही रस्त्याच्या कडेला, कार्यालयांच्या आवारात रोज बघता. तिला काटा नाही, आणि जे पान दिसतं ते खरं पान नाही, चपटा झालेला देठ आहे. पिवळे तुरे येतात, शेंग कानासारखी वळलेली. जनावर तिच्याकडं सहसा वळत नाही. गुरं खात नाहीत म्हणून ती जगते, आणि जगते म्हणून ती लावतात. कागदावर जगलेल्या रोपांची टक्केवारी चांगली दिसते. चारा मात्र उभा राहत नाही.

आता या ऑस्ट्रेलियन पाहुणीनं पुढं काय केलं ते ऐका, कारण ही गंमत जागतिक आहे. 'अकेशिया' हा शब्द मुळात ग्रीकांनी इजिप्तच्या काटेरी झाडासाठी वापरला. ते झाड म्हणजे आपलीच बाभूळ. म्हणून तर लिनियसनं १७५३ साली तिच्या नावात 'निलोटिका', म्हणजे नाईल नदीची, असं लिहिलं. पुढं ऑस्ट्रेलियात या घराण्याच्या जवळजवळ हजार जाती सापडल्या, आणि कळलं की हे एक कुळ नाही, अनेक कुळं एका नावाखाली राहतात. वाटणी करायची ठरली. मग 'अकेशिया' हे घराण्याचं नाव कुणाकडं राहणार? २००५ साली व्हिएन्नाच्या जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियाला मिळालं. आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी जोरदार विरोध केला, पण २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत तोच निर्णय कायम झाला. कारण सरळ होतं. जाती जिकडं जास्त, नाव तिकडं, म्हणजे कमी पाट्या बदलाव्या लागतील. त्यामुळं आता बाभूळ आणि हिवर झाले 'वाचेलिया', खैर झाला 'सेनेगेलिया', आणि बिनकाट्याची ऑस्ट्रेलियन झाली खरी अकेशिया. ज्या शब्दात काटा होता तो शब्द काटा नसलेल्या झाडाकडं गेला.

शास्त्रज्ञांवर माझा राग नाही. उलट एक समाधान आहे. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आणि पुढं जनुकं तपासून जी वाटणी केली, सरळ काटा-गोल गोंडा एकीकडं आणि वाकडा काटा-लांब तुरा दुसरीकडं, तिच्यातला उघड्या डोळ्यांना दिसणारा फरक आपल्या गावांच्या नावांत आधीपासून होता. बाभूळ आणि हिवर एका घरातले भाऊ-बहीण, खैर चुलत. हिवरीच्या आणि खैरीच्या लोकांनी ते कधीच वेगळं मांडून ठेवलं होतं.

कुणी म्हणेल, हा नावांचा खेळ झाला, पोट भरलेल्यांची हौस. तसं नाही. १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्यात ठराविक झाडांची यादी आहे. त्यात साग आहे, मोह आहे, आंबा आहे, आणि खैरही आहे. शेतातला खैर विनापरवानगी तोडला तर गुन्हा होतो. बाभूळ आणि हिवर त्या यादीत नाहीत. म्हणजे आपल्या धुऱ्यावरचं झाड कोणतं, हे ओळखता येणं शेतकऱ्याच्या खिशाशी आणि कधी कधी कोर्टाच्या तारखांशी जोडलेलं आहे. खैर आहे की नाही हे ज्याला सांगता येत नाही, त्याला कुणीही येऊन दमदाटी करू शकतो. आणि उलट, ट्रॅक्टरभर खैर 'बाभळीचं जळतन' म्हणून नाक्यावरून निघून जाऊ शकतो. कायदा झाडाच्या नावावर चालतो. नाव सांगणाराच गावात उरला नाही तर कायदा फक्त कागद सांभाळतो.

दुसरं गायरानाचं. निधी येतो, काम निघतं, अंदाजपत्रक तयार होतं. त्यात 'काटेरी झुडपे' हे दोन शब्द लिहिले की पन्नास वर्षांचा हिवर आणि पाच वर्षांची वेडी एका दरात निघतात. यात कुणी लबाडी केली असंही नाही. लिहिणाऱ्याला फरक माहीत नाही, तपासणाऱ्याला माहीत नाही, मशीनवरच्या पोराला माहीत नाही. ज्याला माहीत होता तो ढिगाजवळ उभा होता, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

यावर उपाय मोठा नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडं लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावची वही एकदा मागून बघा. तिच्यात बाभूळ, हिवर, खैर, वेडी अशा चार वेगळ्या ओळी आहेत का बघा. नसतील तर ग्रामसभेत उठून सांगा. गावातल्या गायकीला, शेळीवाल्या बाईला, कोलाम पोडावरच्या म्हाताऱ्याला सोबत घ्या आणि एका सकाळी गायरानात चक्कर मारा. जे झाड ठेवायचं त्याला चुन्याचा पट्टा मारा. मशीन यायच्या आधी मारा. चुन्याला फार पैसे लागत नाहीत. शाळेतल्या मास्तरांनी पोरांना एकदा चार शेंगा गोळा करून आणायला सांगितलं तरी पुरे. मण्यांची माळ हातात घेतलेलं पोरगं बाभूळ विसरत नाही.

आता त्या गायरानाचं. पावसाळा लागल्यावर मी पुन्हा गेलो. लावलेला चारा काही ठिकाणी उगवला होता, काही ठिकाणी नाही. वेडीची नवी फूट मात्र सगळीकडं दिसत होती, कारण मुळं पूर्ण निघाली नव्हती. म्हातारा गायकी भेटला. कडेला वाचलेला एक हिवर होता, त्याला घोस आले होते. मी विचारलं, बाबा, याचं बी धरून रोपं करता येतील का?

तो म्हणाला, "रोपं कायले पायजेत? शेंगा पिकू दे. बकऱ्या खातीन, अन् लेंडीसंगं बी पाडतीन. तुमी फकस्त दोन वर्स ते मशीन इकडं आणू नोका."